आरआरटी १.३१ : अनोळखी इम्प्युरिटी शोधून देणाऱ्या लॅबचा माझा अनुभव

आमच्या गोळीचा सहा महिन्यांचा स्टॅबिलिटीचा (साठवणीत औषध कसं टिकतं ते पाहण्याचा) नमुना एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करणाऱ्या यंत्रावर, लावला आणि १८.६ मिनिटांना ते पीक, म्हणजे एका घटकाचं आलेखावरचं शिखर, पुन्हा आलं. तीन महिन्यांच्या वेळी ते ०.१४ टक्के होतं, तेव्हा नोंद करून ठेवली होती. आता ०.२७. मुख्य औषध १४.२ मिनिटांना येतं, म्हणजे याचा आरआरटी (मुख्य औषधाच्या तुलनेतली वेळ) १.३१. आमच्या यादीत सहा ज्ञात इम्प्युरिटी (औषधातले नको असलेले पदार्थ) आहेत, त्यातली एकही त्या जागी येत नाही. ब्लँकमध्ये, म्हणजे नुसत्या द्रावकात, तिथे काही नाही, प्लासिबोमध्येही, म्हणजे औषध नसलेल्या गोळीत, नाही. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून काढलेल्या तिन्ही बॅचमध्ये मात्र आहे, आणि जवळपास सारख्याच प्रमाणात.

गोळी ५० मिलिग्रॅमची, दिवसाला एक. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या क्यू३बी मार्गदर्शिकेप्रमाणे एवढ्या डोसच्या गोळीत एखादी इम्प्युरिटी ०.२ टक्क्यांच्या वर गेली, की ती कोण आहे हे शोधावंच लागतं. 'अननोन' लिहून भागत नाही. आमच्याकडे एचपीएलसी आहेत, प्रत्येक पीकचा यूव्ही स्पेक्ट्रम दाखवणारा पीडीए डिटेक्टर आहे, रेणूचं वस्तुमान मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे 'मास', नाही. म्हणून काम बाहेर द्यावं लागलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या लॅबने दिलेलं उत्तर चुकीचं निघालं आणि दुसरीने ज्या पद्धतीने काम केलं तसं मी माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत क्वचित पाहिलं आहे. गोपनीयतेच्या करारामुळे दोन्ही नावं लिहिता येत नाहीत. काम कसं झालं ते मात्र लिहिता येतं, आणि ज्यांना असं काम बाहेर द्यायचं आहे त्यांना नावापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

आधी पहिल्या लॅबबद्दल, कारण त्याशिवाय दुसरीचं मोल कळायचं नाही.

आमची पद्धत फॉस्फेट बफरवर आहे, पीएच ६.८, त्यात थोडं ट्रायइथाइलअमाइन, २५० मिलिमीटरचा सी१८ कॉलम, ४५ मिनिटांचा ग्रेडियंट. फॉस्फेट उडून जात नाही. ते मासच्या सोर्समध्ये क्षाराचा थर धरतं, म्हणून ते मासला जोडता येत नाही. अशा वेळी बहुतेक लॅब करतात तेच त्यांनी केलं: फॉस्फेट काढून ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड घातलं, नवीन मोबाइल फेजवर (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणावर) नमुना चालवला, आरआरटी १.३च्या आसपास एक पीक सापडलं, त्याचं मास घेतलं आणि रचना काढून पाठवली. अहवाल देखणा होता. वीस पानं, रंगीत स्पेक्ट्रम, शेवटी चौकटीत रचना.

ती रचना पाहिली आणि मला ती ओळखीची वाटली. आमच्याच यादीतल्या एका जुन्या आम्ल इम्प्युरिटीशी वस्तुमान तंतोतंत जुळत होतं. पण ही इम्प्युरिटी आमच्या पद्धतीत ०.४२ला येते, १.३१ला नाही! त्यांना फोन करून त्या पीकचा यूव्ही स्पेक्ट्रम मागितला, कारण अहवालात तो नव्हता. आला तेव्हा त्यात एकच उंचवटा होता, २२८ नॅनोमीटरला. आमच्या पीडीएवर आमच्या अनोळखी पीकचे दोन उंचवटे दिसतात, २४२ आणि २७६, अगदी मुख्य औषधासारखे. म्हणजे त्यांनी भलत्याच पीकचा शोध लावला होता.

हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण या कामातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. पीएच ६.८ला कार्बोक्झिलिक आम्लावर ऋण भार असतो, त्यामुळे ते कॉलमवर थांबत नाही, लवकर बाहेर पडतं. ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडचा पीएच २.७च्या जवळ असतो. तिथे त्या आम्लाचा भार जातो आणि ते कॉलमला धरून बसतं, उशिरा येतं. त्यात आरआरटी हा आकडा मुख्य औषधाच्या तुलनेतला. मोबाइल फेज बदलल्यावर मुख्य औषधच १४ मिनिटांवरून ९ मिनिटांवर आलं, म्हणजे मोजपट्टीच बदलली. अशा वेळी १.३१ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्या जागी आमचं जुनं आम्ल येऊन बसलं होतं, आकारही साधारण तेवढाच, आणि तेच आमचं पीक समजून त्यांनी पुढचं सगळं केलं. त्यांचं मास बरोबर होतं, रचना बरोबर होती, फक्त ते पीक आमचं नव्हतं. यूव्ही जुळवून पाहायला पाच मिनिटं लागली असती. माझे पाच आठवडे गेले, आणि ते पाच आठवडे स्टॅबिलिटीच्या चेंबरमधल्या गोळ्या थांबून राहिल्या नव्हत्या.

आता दुसरी लॅब.

त्यांच्याशी पहिलं बोलणं झालं तेव्हाच फरक जाणवला. मी नमुना कधी पाठवू असं विचारत होते आणि समोरच्या मॅडम मला प्रश्न विचारत होत्या. बफरमध्ये ट्रायइथाइलअमाइन आहे का? (ते मासमध्ये शिरलं की १०२ला ठाण मांडून बसतं, नंतर महिनोन्महिने जात नाही आणि बाकीच्यांचे सिग्नल दाबतं.) फिल्टर कुठला वापरता? डायल्युएंट, म्हणजे नमुना विरघळवायचं द्रावक, काय? गोळीला कोट आहे का, असेल तर त्यात काय काय आहे? आणि शेवटचा प्रश्न, ज्याने मी खुर्चीत सरसावून बसले: कोट न चढवलेल्या नुसत्या कोअर गोळ्या त्याच चेंबरमध्ये ठेवल्या होत्या का?

ठेवल्या होत्या. आमच्या फॉर्म्युलेशनवाल्यांनी एका बॅचच्या थोड्या कोअर बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या कुणी कधी तपासल्याच नव्हत्या.

त्यांनी मागितलेल्या वस्तूंची यादी लांब होती. सहा महिन्यांच्या गोळ्या, सुरुवातीच्या गोळ्या, कोअर, प्लासिबो, एपीआय (नुसतं औषधद्रव्य), सहाही ज्ञात इम्प्युरिटी थोड्या थोड्या, आम्ही वापरतो तो कॉलम, आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही काढलेले मूळ क्रोमॅटोग्राम यूव्ही स्पेक्ट्रमसकट. कॉलम कशाला, असं आमच्या खरेदी विभागाने विचारलं. मी म्हटलं, पाठवा. पहिल्या आठवड्यात त्या लॅबने मासला हातही लावला नाही. त्यांनी आमची पद्धत आमच्या कॉलमवर जशीच्या तशी चालवली, १.३१चं पीक त्यांच्याकडे येतं का, तेवढंच येतं का आणि यूव्ही तोच आहे का हे पाहिलं. त्याचा एका पानाचा अहवाल मला पाठवला आणि खाली विचारलं: 'हेच पीक ना? आपली खात्री झाली की पुढे जाऊ.' एवढ्या एका ओळीसाठी मी या लॅबकडे पुन्हा जाईन.

फिल्टरच्या प्रश्नाबद्दल थोडं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी दोन आठवडे एका 'इम्प्युरिटी'च्या मागे होते. मास २२७ येत होतं आणि औषधाच्या रचनेत ते कुठेच बसत नव्हतं. ती इम्प्युरिटी नव्हतीच. नायलॉनच्या फिल्टरमधून कॅप्रोलॅक्टमचा चक्रीय डायमर सुटत होता. ब्लँक मी फिल्टर न करताच लावत होते, त्यामुळे तो ब्लँकमध्ये दिसत नव्हता. तेव्हापासून ब्लँक, प्लासिबो आणि नमुना तिन्ही एकाच फिल्टरमधून, पहिले काही मिलिलिटर टाकून देऊन, हा माझा नियम आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांमधला इरुसामाइड ३३८ला येतो, थॅलेट वर्गातला डीईएचपी ३९१ला. असे आकडे अनुभवी माणसाच्या तोंडपाठ असतात. त्या मॅडमच्या होते. मी ३३८ म्हटल्याबरोबर त्यांनी 'पिशवी' म्हटलं.

पुढचं काम त्यांनी मोबाइल फेज न बदलता केलं. याला टू-डायमेन्शनल एलसी म्हणतात, आणि त्यातला हार्ट-कट नावाचा प्रकार. आमचीच फॉस्फेटची पद्धत आमच्याच कॉलमवर चालू. १८.६ मिनिटांना पीक डिटेक्टरमधून गेलं की एक व्हॉल्व्ह फिरतो आणि तेवढाच तुकडा एका छोट्या लूपमध्ये अडकतो. मग तो तुकडा दुसऱ्या छोट्या कॉलमवर ढकलतात. फॉस्फेट आणि ट्रायइथाइलअमाइन तिथून सरळ वेस्टमध्ये जातं, इम्प्युरिटी कॉलमवर थांबते आणि मग फॉर्मिक ॲसिड व ॲसिटोनाइट्राइलने तिला उचलून मासमध्ये नेतात. पीक कुठलं हा प्रश्नच उरत नाही, कारण आपण बोट ठेवलं तेच पीक उचललेलं असतं. मी ते समोर बसून पाहिलं. व्हॉल्व्ह फिरताना टक् असा आवाज होतो. पडद्यावर यूव्हीच्या रेषेतून पीकच्या माथ्यावरचा एक पातळ तुकडा कापल्यासारखा दिसतो. काही मिनिटांनी खालच्या खिडकीत, जिथे आतापर्यंत सपाट रेषा होती, एक उभं, टोकदार पीक आलं. आमच्या तीन महिन्यांच्या डोकेदुखीचं मास पहिल्यांदा दिसलं तो क्षण मला आठवतो. मी वहीत वेळ लिहून ठेवली आहे.

मुख्य औषधापेक्षा वस्तुमान २८ने जास्त.

हा २८ साध्या क्वाड्रुपोल मासवर, जे वस्तुमान दशांशात नेमकं सांगत नाही, आला असता तर मी फसले असते. २८ म्हणजे इथाइल गट, असं मनात येतं. औषध बनवताना एका टप्प्यावर इथाइलचं रसायन वापरलेलं होतं, त्यामुळे गोष्ट जुळलीही असती. पण त्यांचं यंत्र हाय रिझोल्यूशनचं आहे. सीटूएचफोर म्हटलं तर फरक २८.०३१३ यायला हवा, नायट्रोजनचे दोन अणू म्हटले तर २८.००६१, आणि कार्बन मोनॉक्साइडएवढा फरक, म्हणजे सीओ, म्हटला तर २७.९९४९. त्यांनी मोजलेला फरक २७.९९५१ होता. ३४०च्या आसपासच्या रेणूला सीओ आणि सीटूएचफोर यांच्यात शंभराहून अधिक पीपीएमचं (दहा लाखांतल्या भागांचं) अंतर पडतं आणि यंत्राची चूक तीन पीपीएमच्या आत. शंकेला जागाच नव्हती. इथाइल बाद. बहुधा फॉर्माइल, म्हणजे एका हायड्रोजनच्या जागी सीएचओ गट.

इथे माझ्या पोटात गोळा आला होता, त्याचं कारण वेगळं. आमचं औषध सेकंडरी अमाइन आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनवर एकच हायड्रोजन आहे. २०१८मध्ये व्हलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसअमाइन सापडलं, आणि नायट्रोसअमाइन अशाच अमाइनपासून बनतात; तेव्हापासून सेकंडरी अमाइन म्हटलं की प्रत्येक ॲनॅलिस्टच्या मनात पहिला शब्द नायट्रोसअमाइन येतो. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ज्या जगात आपण टक्क्यांच्या दहाव्या भागाबद्दल बोलतो, तिथून ते जग हजारपट खाली आहे. नायट्रोसो गट लागला की वस्तुमान २८.९९०२ने वाढतं. आणि फॉर्माइल झालेल्या रेणूचं कार्बन-१३ असलेलं भावंड येतं २८.९९८३ने वर. दोघांत ०.००८१चं अंतर. कमी ताकदीच्या यंत्रावर दोन्ही एकच दिसतात. हे कागदावरचं भय नाही. २०२०मध्ये मेटफॉर्मिनच्या नमुन्यांमध्ये डायमिथाइलफॉर्मामाइडच्या समस्थानिकाची सरमिसळ होऊन एनडीएमए वाजवीपेक्षा जास्त दाखवलं जाऊ शकतं, हे अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनीच दाखवलं होतं. तिथेही फॉर्माइल आणि नायट्रोसो यांचीच गाठ होती.

मी त्यांना मेल केला, रात्री उशिरा. सकाळी उत्तर होतं. त्यांनी यंत्र १,२०,००० रिझोल्यूशनवर ठेवून तोच तुकडा पुन्हा चालवला होता आणि त्या दोन वस्तुमानांच्या मधली जागा मोठी करून चित्र पाठवलं होतं. २८.९९८३ला शिखर, २८.९९०२ला बेसलाइन. सोबत त्यांनी लिहिलेली ओळ मला फार आवडली: 'या पीकमध्ये नायट्रोसो नाही. तुमच्या गोळीत नायट्रोसअमाइन नाही असा याचा अर्थ होत नाही. त्यासाठी वेगळी, जास्त संवेदनशील पद्धत लागते.' किती जण हे लिहितील? विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठे संपतं, हे ज्याला कळतं त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येतो.

फॉर्माइल म्हटलं तरी ते लागलं कुठे? आमच्या रेणूत दोन जागा आहेत, एक अमाइनचा नायट्रोजन आणि एक हायड्रॉक्सिल. त्यांनी मोबाइल फेजमधलं पाणी काढून जड पाणी घातलं. अदलाबदल होऊ शकणारे हायड्रोजन अशाने मोजता येतात. मुख्य औषध तीनने सरकलं (दोन जागांचे दोन आणि भार देणारा एक), इम्प्युरिटी दोननेच. म्हणजे असा एक हायड्रोजन गेला होता. पण तो नायट्रोजनवरचा की ऑक्सिजनवरचा ते यातून कळत नाही. मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात सुंदर वाटलं, कारण त्याला कुठलं महागडं यंत्र लागत नाही. पीएच २.७ आणि पीएच १० अशा दोन मोबाइल फेजवर नमुना चालवला. मुख्य औषध ९ मिनिटांवरून २१वर गेलं, कारण अल्कलीत अमाइनचा भार जातो. अनोळखी पीक मात्र होतं तिथेच. म्हणजे त्याचा नायट्रोजन आता बेसिक उरलेलाच नाही, फॉर्माइल त्याच्यावरच बसलं आहे. खात्रीसाठी ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवलं. एस्टर असतं तर तुटलं असतं, ते तसंच राहिलं. एमएस-एमएसमध्येही (त्यात रेणू फोडून तुकड्यांची वस्तुमानं मोजतात) नायट्रोजन धरून ठेवणारे तुकडेच २८ने सरकले होते, उरलेल्या सांगाड्याचे तुकडे मुख्य औषधासारखेच.

एवढ्यावर अनेक लॅब थांबतात आणि 'रचना निश्चित' असं लिहितात. यांनी लिहिलं, 'प्रस्तावित'. निश्चित म्हणायला एनएमआर (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारी चुंबकीय तपासणी) लागेल, आणि त्याला काही मिलिग्रॅम पदार्थ. इथे हिशेब समोर येतो. एका गोळीत ०.२७ टक्के म्हणजे १३५ मायक्रोग्रॅम. पाच मिलिग्रॅम हवं असेल तर एक कणही न सांडता ३७ गोळ्या, आणि प्रेपमध्ये, म्हणजे पदार्थ वेगळा करून गोळा करताना, सांडतं पुष्कळ. त्यांनी दुसरा रस्ता धरला: एपीआय फॉर्मिक ॲसिडमध्ये तापवलं. दुसऱ्या दिवशी त्यात भरपूर फॉर्माइल झालेला पदार्थ होता. तो आमच्या गोळीच्या नमुन्यात मिसळून आमच्या फॉस्फेटच्या पद्धतीवर चालवला. १.३१चं पीक उंच झालं, खांदा नाही, दुभंग नाही. मग प्रेपने ४.२ मिलिग्रॅम वेगळं केलं.

एनएमआरमध्ये फॉर्माइलच्या हायड्रोजनच्या दोन रेषा दिसल्या, ८ पीपीएमच्या आसपास, एक मोठी, एक लहान. आमच्या व्यवस्थापकांनी तो कागद पाहून लगेच विचारलं की पदार्थ अशुद्ध आहे का. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण लॅबने ते आधीच ओळखून खाली समजावून दिलं होतं. फॉर्मामाइडमधला नायट्रोजन आणि कार्बन यांच्यातला बंध सहज फिरत नाही, म्हणून एकाच रेणूची दोन ठेवणी एकत्र दिसतात, एकीत ऑक्सिजन या बाजूला, दुसरीत त्या. त्यांनी नमुना डीएमएसओमध्ये टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक तापमानाचा स्पेक्ट्रम एकाखाली एक लावला होता. दोन्ही रेषा रुंद होत होत एकमेकींकडे सरकल्या होत्या आणि थंड केल्यावर पुन्हा आपापल्या जागी गेल्या होत्या. दोन वेगळे पदार्थ असते तर तसं झालं नसतं. हे पान मी आमच्या नव्या मुलांना शिकवताना वापरते.

आणि त्या कोअर गोळ्या? कोट असलेल्या गोळीत ०.२७, कोट नसलेल्या कोअरमध्ये ०.०३. कोटमध्ये पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकोल) होतं, कोट लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर म्हणून. हवेतल्या ऑक्सिजनने पीईजी हळूहळू तुटतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि फॉर्मिक ॲसिड तयार होतं, हे जुनं ज्ञान आहे. व्हॅरेनिक्लिन हेही सेकंडरी अमाइन. त्याच्या ऑस्मोटिक गोळीत कोटमधल्या पीईजीमुळे फॉर्माइल आणि मिथाइल लागलेले पदार्थ तयार होतात, हे २००८ साली प्रसिद्ध झालेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या बाईंनी पहिल्या फोनवर कोअरबद्दल विचारलं, त्यांच्या डोक्यात ते तेव्हाच असणार. तरीही पुरावा हातात येईपर्यंत त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

तक्रारी आहेत, आणि त्याही तितक्याच खऱ्या.

सहा आठवडे सांगितले होते, नऊ दिवस जास्त लागले. एनएमआरचं यंत्र मोकळं नव्हतं हे कारण मला पटलं; पण ते मी विचारल्यावर कळलं. मुदत उलटून गेल्यावर नाही, उलटणार असं दिसताच ग्राहकाला कळवायला हवं. आमच्याकडे त्या तारखेवर पुढच्या बैठका लागलेल्या होत्या.

सुरुवातीला ४० गोळ्या मागितल्या, नंतर आणखी ६० मागितल्या. सहा महिन्यांच्या गोळ्या मोजक्या असतात. एकदा संपल्या की त्या वयाच्या गोळ्या पुन्हा बनवता येत नाहीत. एकूण किती लागतील हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची. अंतिम अहवालात रिस्पॉन्स फॅक्टर, म्हणजे मुख्य औषधाच्या तुलनेत इम्प्युरिटी किती प्रकाश शोषते तो आकडा, नव्हता. रचना कळली म्हणजे काम संपलं असं रसायनशास्त्राला वाटेल, आमच्यासारख्यांचं काम तिथून सुरू होतं. आम्ही ०.२७ टक्के म्हणत होतो ते एरियाचं, मुख्य औषधाइतकाच प्रकाश हीही इम्प्युरिटी शोषते असं धरून. मी मागितल्यावर त्यांनी वेगळ्या केलेल्या पदार्थावरून तो काढून दिला, जादा पैसे न घेता: ०.८३. म्हणजे खरं प्रमाण ०.३३ टक्के. ५० मिलिग्रॅमच्या डोसला क्वालिफिकेशनची मर्यादा (जिच्यावर गेलं की इम्प्युरिटीची सुरक्षितता दाखवावी लागते) २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ टक्के. ०.२७वरून ती दूर दिसत होती, ०.३३वरून ती दाराशी उभी आहे. हा आकडा न मागता पहिल्या पानावर असायला हवा होता.

कच्चा डेटाही आधी नुसत्या चित्रांच्या रूपात आला. मूळ फाइल्स मागाव्या लागल्या. मिळाल्या त्या ऑडिट ट्रेलसकट आणि व्यवस्थित, पण हे काम द्यायच्या आधीच करारात लिहून घ्या असं मी सांगेन. सोबत आणखी एक लिहून घ्या: तुमच्या मूळ पद्धतीतलं पीक आणि मासमध्ये पाहिलेलं पीक एकच आहे हे ते कशावरून ठरवणार. हार्ट-कट नसलं तरी हरकत नाही. फ्रॅक्शन गोळा करून, क्षार काढून, पुन्हा इंजेक्ट करूनही ते दाखवता येतं, नाहीतर निदान यूव्ही जुळवून आणि स्पाइक करून, म्हणजे तो पदार्थ नमुन्यात मिसळून. ज्या लॅबला या प्रश्नाचं उत्तर फोनवर लगेच देता येत नाही, तिथे नमुना पाठवू नका.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेचार देते. अर्धा कापला तो रिस्पॉन्स फॅक्टरसाठी. उशीर मी माफ केला आहे.

आमच्या फॉर्म्युलेशनवाल्यांनी कोट बदलला, पीईजीच्या जागी ट्रायॲसिटिन आलं. नव्या कोटच्या तीन बॅच त्याच चेंबरमध्ये आहेत. तीन महिन्यांचा नमुना गेल्या आठवड्यात मी स्वतः लावला. १८.६ मिनिटं जवळ आली तशी पडद्यासमोरून उठले नाही. ०.०३ टक्के. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका औषधाचा डबा त्याच लॅबसाठी भरून ठेवला, आरआरटी ०.७१चं पीक आहे. या वेळी कोअर, कॉलम आणि फिल्टरच्या पाकिटाचा लॉट नंबर त्यांनी मागायच्या आधीच आत घातला.